वाटेचे सुख

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात, काल्याच्या आदल्या संध्याकाळी मंदिरात झालेले बोलणे. नंतर लिहून काढले.)

आमची शाळा चौथीपर्यंत. त्यापुढचं शिक्षण दोन ठिकाणी झालं, एक वावरात आणि दुसरं वाटेवर. वारीचं पुण्य किती, ते या सात दिवसांत मोठ्या महाराज मंडळींनी सांगितलं. ते अधिकारी पुरुष, त्यांच्यापुढं आम्ही काय सांगणार? म्हणून आम्ही पुण्याचं बोलत नाही, सुखाचं बोलतो. चालण्यात सुख असतं, एवढाच आमचा विषय.

तो विषय आजच का काढला, तेही सांगतो. परवा मांडवात बैठक झाली. तरुण मंडळींनी मांडलं की गावापासून आळंदीपर्यंतचे चार मुक्काम आता बंद करावेत. टेंपो-ट्रकनं सगळ्यांनी थेट आळंदीला उतरावं, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचं प्रस्थान झालं की तिथून चालायला लागावं. कारणं तीन सांगितली. एक, रस्त्यावर गाड्या लई वाढल्या. दोन, घोड नदीच्या उसात बिबट्या आहे. तीन, नोकरीवाल्यांना रजा पुरत नाही. पोरं खोटं बोलत नाहीत. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. चैत्री एकादशीच्या बैठकीत हात वर करून निर्णय व्हायचा आहे. त्याच्या आधी या चार मुक्कामांची बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे, ती आम्ही मांडतो.

मंडळी, वारीत टीव्हीवाले येतात. पायाचे फोड दाखवतात, पावसात भिजलेली म्हातारी दाखवतात, आणि म्हणतात, काय ही श्रद्धा, काय हे हाल! फोड येतात, खोटं नाही. पण नुसते हालच असते तर शंभर वर्षं माणसं चालली असती का? मृगाचा पाऊस पडलेला, वाफसा आलेला, बाजरीचं बी घरात तयार, अशा वेळी तिफण घरच्यांच्या हातात देऊन शेतकरी उठतो तो काय फोड मिळवायला? शेतकरी इतका खुळा नाही. त्याला वाटेवर काहीतरी गोड मिळतं, म्हणून तो जातो. देवाची ओढ तर आहेच. पण देवानं ती वाटही गोड करून ठेवली आहे.

आता बघा, आपण निघतो कुठून? पारनेरच्या माळावरून. शहरातला माणूस माळाला ओसाड म्हणतो. पहाटेचा काकडा करून वेशीबाहेर पडलं की अजून अंधार असतो. पुढं विणा, मागं टाळ, आणि दोन्ही अंगाला बाभळी, हिवर, बोरी. उजाडायला लागलं की चंडोल सरळ वर चढतो आणि आभाळात टांगल्यासारखा तिथंच गात राहतो. लांब कुठंतरी पावशा ओरडतो. तो काय म्हणतो, ते शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. पाऊस झाला असला तर तांबडा मृगाचा किडा मातीवर मखमलीसारखा चालताना दिसतो. तरवडाला पिवळी फुलं आलेली असतात. टिटवी तर अंगावरच येते, कारण तिची अंडी उघड्या माळावर खड्यांत असतात. आपल्या दिंडीचा रिवाज तुम्हाला माहीत आहे. टिटवी ओरडायला लागली की चोपदार काठी आडवी धरतो, आणि सगळी दिंडी वाकडी होऊन बाजूनं जाते. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. गाडीतनं जाणाऱ्याला टिटवीचं ओरडणं ऐकूच येणार नाही, मग तो वाकडं जाईल कशाला?

पहिला मुक्काम निघोज. मळगंगेचं ठाणं. तिथं कुकडी नदीनं काळ्या फत्तरात कुंडं पाडली आहेत, रांजणखळगे म्हणतात त्यांना. लांबून लांबून लोक गाड्या करून बघायला येतात. आपल्याला ती वाटेवरच पडतात. ती कशी झाली? पुराच्या पाण्यात गोटे येतात, खडकाच्या खाचेत अडकतात, आणि पाणी त्यांना तिथल्या तिथं गरगर फिरवतं. हजारो वर्षं फिरवतं. गोटा झिजतो आणि खडकही झिजतो, मग रांजणाएवढा, काही ठिकाणी विहिरीएवढा खड्डा होतो. नामस्मरणावर बोलताना आम्ही कीर्तनात हा दृष्टांत पुष्कळदा दिला आहे. ज्यांनी ते कुंड पायानं उतरून पाहिलं, त्यांना तो लगेच लागू पडतो. बाकीचे नुसती मान हलवतात.

कुकडी ओलांडली की शिरूर तालुका. माळ संपतो, ऊस लागतो. हवा दमट होते, पायाखाली गाळाची माती येते. घोड नदीच्या अंगाला पाटाच्या चिखलात बिबट्याचे ठसे आम्ही स्वतः पाहिले आहेत. भीती वाटते? वाटते. पण तिथं एकमेकांच्या जवळ चालायची सवय आपोआप लागते. एरवी पुढं पळणारी पोरं म्हाताऱ्यांच्या चालीनं चालतात. पखवाज आणि पंचवीस-तीस टाळांचा आवाज आला की ते जनावर उसात आत सरकतं. त्याचं घर आहे ते. त्याच्या दारावरून नाव घेत जायचं, हीही एक गंमतच आहे.

घोड ओलांडून वर चढलं की परत कोरडं, परत मुरूम. कान्हूर मेसाईच्या बाजूला मोराची चिंचोली. ज्येष्ठात ढग आले की मोराची हाक ऐकून टाळकरी क्षणभर टाळ थांबवतात. पुढं पाबळ, तिथं मस्तानीची समाधी. मग केंदूर, कान्होराज पाठकांचं गाव. मग शेलपिंपळगावच्या अंगाला भीमा. हे चार दिवस आपल्याबरोबर ना रथ, ना घोडे, ना लाखाची गर्दी. चाळीस-पन्नास माणसं, एक विणा आणि मोठं आभाळ. रात्री शाळेच्या पटांगणात पाल ठोकायचं, गावकऱ्यांनी आणलेलं पिठलं-भाकरी खायचं, हरिपाठ म्हणायचा आणि चांदण्यांखाली पडायचं. आळंदीपासून पुढं मोठा सोहळा आहे, ते सुख वेगळं आहे. पण आपली दिंडी आपल्याला कळते ती या चार दिवसांत. कोण घोरतो, कोणाचा गुडघा दुखतो, कोणाच्या घरी काय चाललंय, ते इथंच कळतं.

आता एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपले थोरले आबा, जुने विणेकरी. जुन्या मंडळींना ते आठवत असतील. शेवटची सात-आठ वर्षं त्यांना डोळ्यांनी दिसत नव्हतं. तरी चालायचे. आम्ही त्यांचा हात धरायचो. आबा अनवाणी. चालता चालता म्हणायचे, "मुरूम संपला रं, आता चुनखडीचं रान आलं. डाव्या हाताला वड असंल बघ." आणि असायचा. "हितली माती गार लागती, पाट जवळ आला." आणि आलेला असायचा. एकदा वाल्ह्याच्या पुढं म्हणाले, "कांद्याचा वास येतोय, लोणंद फार लांब नाही." आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी लोणंदात शिरताना बाजारातल्या कांद्याचे ढीग दिसले, तेव्हा आबा हसले. त्या माणसाला आळंदी ते पंढरपूर सगळी वाट तळपायानं पाठ होती. आम्हाला डोळे असून तेवढी वाट दिसली नाही.

आळंदीपासूनची वाट सगळ्यांच्या ओळखीची आहे, म्हणून भरभर जातो. पुणं म्हणजे माणसांचं रान. तिथली माया मोठी, पण चालणाऱ्याचं मन दिवेघाटाकडं लागलेलं असतं. पुणे ते सासवड ही मोठी मजल, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशीच असते. पोटात उपास, पायात घाट. वडकी नाल्यावर विसावा घेऊन चढायला लागलं की खाली मस्तानी तलाव दिसतो. पाबळला जिची समाधी पाहिली, तिच्या नावाचं पाणी आठवड्याभरानं इथं भेटतं. रथाला जादा बैलजोड्या लावतात. वळणावर थांबून मागं बघावं, तर खालच्या वळणापासून वरच्या वळणापर्यंत पताकाच पताका. वरून ढग उतरतो, अंगाला गार लागतो, आणि दम लागलेल्या माणसाच्या तोंडात तो चव घेतल्यासारखा वाटतो. झेंडेवाडीला माथ्यावर बसलं की पायातले गोळे माणूस विसरतो. चढून आल्यावरचा तो वारा वर गाडीनं येणाऱ्यालाही लागतो. पण घाम आलेल्या अंगाला तो जसा लागतो, तसा त्याला कसा लागेल?

सासवड कऱ्हेकाठी, सोपानकाकांचं गाव. पुढची जमीन डोंगराच्या कुशीतली, अंजिराची आणि सीताफळाची. यमाई शिवरीचा विसावा, मग जेजुरी. तिथं मल्हारीचा भंडारा उधळला की पांढरे सदरे पिवळे होतात. वाल्ह्याकडं बोडके डोंगर. मग नीरा. माउलींच्या पादुकांना नीरेत स्नान होतं, आणि पालखी पुणे जिल्हा सोडून सातारा जिल्ह्यात येते. आम्ही दरवर्षी तिथं पाण्यात पाय सोडून बसतो. दहा दिवस चाललेल्या पायाला नदीचं पाणी लागतं, त्या सुखाला आमच्याकडं शब्द नाही. ज्यानं अनुभवलं असेल त्यानं मान हलवावी.

नीरेच्या पुढं देशाचं रूप बदलतं. पावसाचं ढग सह्याद्रीवर रिकामं होतं, उरलेलं पुरंदरच्या डोंगरावर, आणि फलटणच्या पुढं ढग नुसते पळताना दिसतात. चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. घोडा पळाला की त्याच्या टापेखालची माती कपाळाला लावायची. कालव्याचं पाणी आहे तिथं ऊस आणि डाळिंब, कालवा संपला की बाभळ. बरड, नातेपुतेच्या वाटेवर दक्षिणेला शंभू महादेवाचे डोंगर दिसतात. धर्मपुरीला सोलापूर जिल्हा लागतो. माळशिरस सोडून वेळापूरच्या अलीकडं उतार आहे, तिथं धावा होतो. तुकोबारायांना तिथनं पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, असं सांगतात. साठी उलटलेली माणसं तिथं पळतात. आम्हीही पळतो. एरवी बांधावरून उडी मारायला भिणारा माणूस त्या उतारावर पळतो, ही त्या जमिनीचीच करणी म्हणायची. मग काळीभोर भीमाकाठची रानं, वाखरी, आणि पंढरी.

मंडळी, एक गोष्ट आम्हाला चालता चालता कळली. कुठल्या पुस्तकात वाचली नाही. आपण किती नद्या ओलांडतो मोजा. कुकडी, घोड, वेळ, भीमा, इंद्रायणी, मुळा-मुठा, कऱ्हा, नीरा. आता या जातात कुठं? कुकडी घोडीला मिळते, घोड भीमेला. वेळ भीमेला. इंद्रायणी तुळापूरला भीमेला. मुळा-मुठा भीमेला. कऱ्हा नीरेला, आणि नीरा नरसिंहपूरला भीमेला. म्हणजे सगळ्याच पंढरीला! आपण ज्या ज्या पाण्यात पाय धुतो, ते ते पाणी आपल्यासारखंच विठोबाकडं निघालेलं आहे. आपल्या माळावर पडलेला पाऊस ओढ्यानं कुकडीला जातो, तोही वारकरीच. त्यातलं बरंच पाणी वाटेत उजनीला मुक्काम करतं. १९८० साली धरण झालं तेव्हापासून तसं आहे. नीरा मात्र धरणाच्या खाली भीमेला मिळते. चंद्रभागेत बुडी मारताना आम्ही मनात म्हणतो, बाई गं, निघोजच्या कुंडातली तूच ना? हे सुख गाडीत बसून येणाऱ्याला कोण सांगणार? पूल येतो आणि जातो. नदीचं नावही वाचून होत नाही.

आपल्या संतांनी काय केलं ते बघा. ज्ञानोबा माउली भावंडांना घेऊन आळंदीहून पैठणला गेली, तिथनं नेवाशाला, सगळं पायी. प्रवरेच्या काठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. निवृत्तिनाथ त्र्यंबकला, घाटमाथ्याच्या पावसात. सोपानकाका कऱ्हेकाठी. मुक्ताबाई तापीकाठी, काळ्या मातीत. तुकोबाराय भंडाऱ्यावर, भामचंद्रावर, घोराडेश्वरावर जाऊन बसायचे. घरात जागा नव्हती म्हणून नव्हे. डोंगरावर मन लागतं म्हणून. सावतोबांना तर अरणच्या मळ्यातच देव भेटला. रानाशी, नदीशी, डोंगराशी ज्यांनी इतकं नातं ठेवलं, त्यांची वाट आपण काचा लावलेल्या गाडीतनं करायची का, एवढंच आम्ही विचारतो.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. आळंदी ते पंढरपूर रस्ता मोठा झाला. २०२१ साली पालखी मार्गाचं भूमिपूजन झालं. रुंद रस्ता झाल्यानं सोय झाली, गर्दीला जागा झाली, रुग्णवाहिका लवकर पोचते. आम्ही रस्त्याला नावं ठेवत नाही. पण जुने वड गेले, चिंचा गेल्या, ज्यांच्या सावलीत आपले आजे-पणजे जेवले. दुपारी सिमेंट तापलं की तळपायाला दुसरं काही कळत नाही. मुरूम काय, चुनखडी काय, गाळ काय, सगळं एकच. थोरले आबा आज असते तर नीरेपुढं हात धरूनसुद्धा त्यांना ठाव लागला नसता.

मग मातीची वाट उरली कुठं? आपल्या या चार मुक्कामांतच. पाऊलवाट, बैलगाडीची चाकोरी, ओढ्याचा उतार, पाटाचा बांध हे सगळं गाव ते आळंदी एवढ्याच टप्प्यात राहिलं आहे. तेच आपण सोडायचं म्हणतो! सोहळ्यातली वाट सरकार सांभाळेल, संस्थान सांभाळेल, लाखो माणसं सांभाळतील. या चार मुक्कामांना आपल्याशिवाय कोणी नाही. आपण दोन वर्षं गेलो नाही की पाऊलवाटेवर गवत येईल, तिसऱ्या वर्षी कोणी तरी बांध घालील, आणि चौथ्या वर्षी मुक्कामाच्या गावातली नवी पोरं विचारतील, कुठली दिंडी?

पोरांच्या तीन कारणांना आमची तीन उत्तरं. गाड्यांचं म्हणाल तर मोठा रस्ता जिथं टाळता येतो तिथं टाळू, शिवाराशिवारातनं जुनी वाट अजून आहे. जिथं रस्ता धरावाच लागतो, तिथं पुढं-मागं लाल झेंडीवाले चार जवान पोरं ठेवू, चमकणारे पट्टे घालू. बिबट्याचं म्हणाल तर उसाच्या टप्प्यात उजाडल्याशिवाय निघायचं नाही, आणि कोणी एकट्यानं बाजूला जायचं नाही. रजेचं म्हणाल तर ज्याला जेवढी सुट्टी तेवढं त्यानं चालावं. एक दिवस मिळाला तर एक दिवस. कोणी निघोजला सोडावं, कोणी पाबळला धरावं. म्हाताऱ्या माणसांना आणि सामानाला टेंपो असावाच, त्याला आमची ना नाही. ज्याला चालवत नाही त्यानं बसावं, त्यात कमीपणा कसला? पण विणा टेंपोत बसायचा नाही. विणा चालत गेला पाहिजे, मग त्याच्यामागं दहाच माणसं असोत.

आणखी एक मागणं आहे. शंभर वर्षांची आठवण म्हणून कमान बांधायचं काहींच्या मनात आहे. कमान बांधा, पण त्याच्या आधी गावच्या वेशीपासून कुकडीपर्यंत वड, लिंब आणि चिंच लावू. जेवढी जगवता येतील तेवढीच लावायची. फोटोपुरती नकोत. ज्याच्या बांधाला झाड, त्याच्याकडं तीन उन्हाळे पाणी. आमच्या बांधावरची पाच आम्ही आजच कबूल करतो. त्या झाडांची सावली आम्हाला मिळायची नाही, ते आम्हाला ठाऊक आहे. आम्ही ज्या वडाखाली जेवलो, तो तरी आम्ही कुठं लावला होता?

आमचं सांगणं एवढंच. नियम म्हणून चालू नका, वडील चालले म्हणूनही चालू नका. यंदा एकदा वेशीतून निघा आणि चार दिवस चालून बघा. आळंदीत पोचल्यावर तुम्हाला वाटलं की हे सोडावं, तर खुशाल सोडा, आम्ही पुन्हा बोलणार नाही. पण न चालता हात वर करू नका. चैत्री एकादशीला बैठक आहे, त्या आधी ज्यांना जमेल त्यांनी निघोजपर्यंत तरी आमच्याबरोबर यावं. पुढच्या रविवारी पहाटे काकडा झाला की आम्ही निघतो. भाकरी घरून बांधून आणा. पाणी वाटेत आहे.